रोह्याचा नया पैसा

पैशावर इतकं प्रेम करणारा आणि तरीही पैशाला इतकी कमी किंमत देणारा माणूस, आमच्या हिच्या मामांखेरीज, उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मामांचं पेणच्या बाजारात शिवणकामाचं दुकान होतं आणि त्यांना नाणी जमवायचा छंद होता. पण यातला धंदा कोणता आणि छंद कोणता, हे गिऱ्हाइकांना कधी नीट उमगलं नाही. उसवायला घेतलेल्या पँटच्या खिशात विसरलेलं नाणं सापडलं की शिलाई राहायची बाजूला आणि मामा भिंग घेऊन दाराच्या उजेडात जायचे. नाणं हवं असलेलं निघालं, तर त्या गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तेवढ्याच किमतीचं दुसरं त्याच्या हातावर ठेवायचे. "तुमचं एक घेतलंय, हे त्याच्या बदली," एवढं सांगून परत. पँट आपली तशीच उसवलेली. मासळीबाजारात सुट्टे परत घेताना ते एकेक नाणं उलटसुलट करून बघत बसायचे, तेव्हा टोपलीमागची बाई वैतागायची, "मामा, म्हावरा बघून घ्या जरा. पैसं काय बघताव?" म्हावरा मामांनी कधीच बघितला नाही. तो घरी आल्यावर मामी बघत, आणि मग पुढचा अर्धा तास मामा खाली मान घालून जेवत.

राजे-बादशहांच्या मोहरांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. स्वातंत्र्यानंतर आपल्या लोकांनी हाताळलेली चिल्लर, नया पैसा, नागमोडी कडांचे दहा पैसे, कमळाचे पितळी वीस पैसे, एवढाच त्यांचा संसार. कोटाच्या अस्तराच्या उरलेल्या कापडावर त्यांनी लहान लहान खिसे शिवले होते, एका नाण्याला एक, आणि प्रत्येकाखाली दोऱ्याने साल भरलं होतं. पाहुणा आला की आधी त्याला हात धुवायला लावत, कोरडे करायला लावत, मग ती गुंडाळी उलगडत. एकदा मुंबईच्या कुणीतरी विचारलं, "या सगळ्याचे किती येतील हो?" मामांनी गुंडाळी पुन्हा बांधली आणि मामींना आत सांगितलं, "यांचा चहा झाला की निघतायत हे." विकत घ्यायचंही नाही, हा दुसरा नियम. "पैसे टाकून आणलं तर तो बाजारहाट झाला. आपल्या हाताशी चालत यायला हवं ते."

असं चालत न आलेलं एकच नाणं होतं. हैदराबादच्या टाकसाळीची खूण असलेला एका ठरावीक सालचा नया पैसा. त्याचा खिसा रिकामा होता, आणि तो पैसा रोह्याला होता, एका निवृत्त मास्तरांकडे बिस्किटांच्या डब्यात. मास्तरही मामांच्याच जातकुळीतले. दर रविवारी मामा पापडांचं पुडकं घेऊन पॅसेंजरने रोह्याला जायचे, डबा उघडायला लावायचे, तो पैसा हातात घेऊन बघायचे आणि विचारायचे, "देतोस काय?" मास्तर म्हणायचे, "नाय." मग दोघं जेवायचे, कुंडलिकेच्या काठाने फिरून यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने मामा परत. वर्षानुवर्षं हेच.

मामांच्या सख्ख्या जावयाला हे बघवेना. तो नागोठण्याच्या बाजूला कंपनीत होता, स्वभावाने फार चांगला. एका दिवाळीला त्याने तसाच नया पैसा मुंबईच्या दुकानातून आणून सासऱ्यांच्या हातावर ठेवला. आम्ही सगळे मामांच्या तोंडाकडे बघत होतो. मामांनी भिंग लावलं, "खरा हाय," म्हणाले, जावयाला पोटभर जेवू घातलं आणि रात्रभर कूस बदलत राहिले. मामी सकाळी हिला म्हणाल्या, "खिसा भरला तर हा माणूस रविवारचा घरात बसंल गो. माझं कसं व्हायचं?"

रविवारी मामा नेहमीच्या गाडीने गेले आणि तो पैसा मास्तरांच्या डब्यात टाकून आले. आता मास्तरांकडे दोन आणि यांच्याकडे एकही नाही. जावई पुढे कितीतरी दिवस घुश्शात होता. मास्तरांनी म्हणे हसत विचारलं, "आता तरी एक देऊ काय?" मामा म्हणाले, "आता तर नकोच."

मास्तर गेले ते पावसाळा सरता सरता. तेराव्याला मी मामांसोबत रोह्याला गेलो होतो. पानं उठल्यावर मास्तरांची सून डबा घेऊन बाहेर आली. मामांसमोर बसली आणि दोन्ही पैसे त्यांच्या हातावर ठेवत म्हणाली, "आबांनी तुम्हालाच द्यायला सांगितलेत. जाताना घेऊन जा."

मी मामांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. हातावर जणू निखारा ठेवला होता. मग त्यांनी ते पैसे डब्यात परत ठेवले, झाकण दाबून बसवलं आणि म्हणाले, "इथंच असू दे गो. मी बघायला येत जाईन."

ती पदराने डोळे पुसून म्हणाली, "या. जेवायलाच येत जा, पहिल्यासारखे."

स्टेशनवर आम्ही बाकावर बसलो. मामा धोतराच्या सोग्याशी चाळा करत होते. मला वाईट वाटत होतं. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले.

"जावईबापू, ती खरंच बोलली ना हो? का आपली रीत म्हणून?"

"खरंच बोलली, मामा," मी म्हणालो.

गाडी येईपर्यंत त्यांनी मला हे आणखी एकदा विचारलं.