कालचं पाणी

बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी सहाला नळ येतो. आधी पिण्याचं पिंप रिकामं करायचं, विसळायचं, मग भरायचं. ताज्या पाण्यात कालचं शिळं पाणी मिसळायचं नाही, हा माझ्या आईचा नियम मी निवृत्त झाल्यावरही पाळत आलो. पण कालचं पाणी मोरीत ओतायचं जिवावर येतं. दिवसाआड पाणी असलेले उन्हाळे आम्ही काढलेत. म्हणून ते गॅलरीतल्या झाडांना जातं.

आयटीत मंदी आली त्या वर्षी माझी मुलगी एका दुपारी हिंजवडीहून रिक्षाने घरी आली. रोज रात्री आठला कंपनीच्या बसने येणारी मुलगी दुपारी रिक्षातून उतरली, तेव्हाच मी काय ते समजलो. हातात खोकं. त्यात एक स्वेटर, कसलंसं प्रशस्तिपत्रक आणि सक्युलंटच्या पाच कुंड्या. जाड, मऊ पानांची बोटभर झाडं. एक तर कंपनीच्याच कॉफीच्या मगमध्ये लावलेलं.

"बाबा, ह्यांना पाणी घालू नका. मी बघेन," एवढं बोलून ती खोलीत गेली.

तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे काळजी करायला घरात मी एकटाच होतो, आणि ती मी भरपूर केली. सकाळच्या चहाबरोबर नोकरीच्या जाहिरातींवर लाल पेनाने खुणा करून पेपर तिच्यापुढे ठेवायचा. "काही कळलं का?" असं सकाळी विचारायचं, जेवताना विचारायचं, संध्याकाळी पुन्हा. आणि नळ आला की कालचं पाणी तिच्या कुंड्यांना. झाड म्हटलं की त्याला पाणी लागणारच, ह्यात सांगण्यासारखं काय आहे? सरकारी कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला पोरीने झाडं शिकवावीत!

दहा-बारा दिवसांत पानं पिवळी पडली, काचेसारखी आरपार दिसू लागली. धक्का लागला की टपकन गळायची. मला वाटलं, ऊन लागतंय, तहानली असतील. आणखी एक तांब्या घातला.

"बाबा, तुम्ही पाणी घालताय?" तिने एका सकाळी विचारलं.

"छे," मी म्हणालो.

तिने कुंडीखालच्या भरलेल्या बशीकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात ती बंगळूरला गेली, आधीपेक्षा हलक्या नोकरीवर. तिकीट काढून झाल्यावर मला सांगितलं. कुंड्या नेत नाहीस का, असं मी दारात विचारलं.

"राहू देत. आता काय उरलंय त्यांच्यात?"

ते मला फार लागलं. दिवाळीला ती येईल तेव्हा निदान एक तरी झाड जिवंत दाखवायचं, असं मी ठरवलं. कात्रजच्या रस्त्यावर एक बाई रोपं विकते, तिच्याकडे पाचही कुंड्या पिशवीतून घेऊन गेलो.

"रोज घालता व्हय पाणी?" तिने एक पान चिमटीत धरून चिरडलं. नुसतं पाणी निघालं. "काका, हे तहानेनं न्हाय गळत. तहानेनं पान सुरकुततं. हे बुडून मरतंय." नंतर तिने कॉफीचा मग उचलून खालून बघितला. "ह्याला भोक कुठंय?"

चार झाडं तिने तिथेच बाजूला टाकली. पाचवं, मगातलं, मातीतून उपटलं, काळी पडलेली मुळं कात्रीने छाटली आणि माझ्या हातात दिलं. तीन दिवस सावलीत नुसतं सुकवा, मग भोकाच्या कुंडीत जाड वाळू आणि विटांचे तुकडे मातीत कालवून लावा, आठ दिवस पाणी दाखवू नका. नंतरही बोटाचं पेर आतपर्यंत खुपसून माती कोरडी लागली तरच. गळलेलं टणक पान मातीवर नुसतं ठेवा, मूळ फुटतं.

सगळं केलं. माझ्यासारख्याला काही न करता बसणं किती जड गेलं ते माझं मला माहीत. महिन्याभराने पानाच्या देठाशी दोऱ्याएवढं गुलाबी मूळ दिसलं, झाडालाही शेंड्यात नवी पानं आली. मी फोन करून सांगितलं, "एक जगलं बरं का." ती "हं" म्हणाली.

दिवाळीच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. सुट्टी नाही, येत नाही. ठीक आहे, म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. मी पिंप रिकामं केलं आणि तांब्या घेऊन गॅलरीत गेलो. झाड बघायला आता कोणीच येणार नव्हतं. मी ओतलं. त्यानंतर रोजच ओतलं, कळत असून.

दिवाळीच्या पाडव्याला ती फोनवर म्हणाली, "बाबा, झाड कसंय?" कितीतरी महिन्यांत तिने आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट. समोर कुंडीत काळं पडलेलं देठ होतं.

"छान आहे," मी म्हणालो.

"घातलंत ना पाणी?"

मी हो म्हणालो. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "असू दे बाबा. ठेवते, मीटिंग आहे." सणाच्या दिवशी.