झाडांचं जेवण

आमच्या शाळेतल्या झाडूवाल्या मावशी बोलतात कमी, पुटपुटतात जास्त. "मी थकेन, पण ही पानं गळायची थकणार नाहीत," असं म्हणत त्या रोज मैदान झाडतात.

परवा पहिलीच्या बाईंनी पोरांना सांगितलं, की वाळकी पानं म्हणजे झाडांचं जेवण. झालं! मधल्या सुट्टीत पोरांनी मावशींनी केलेला अख्खा ढीग उचलला आणि मैदानभर पसरला.

मावशींनी कपाळाला हात लावला. "अरे माकडांनो, मोठ्या बाई येतील! मला घरी बसवतील!"

मोठ्या बाई आल्याच. "हे काय, मावशी? आज झाडलंच नाही?"

तेवढ्यात पहिलीतली माझी धाकटी बहीण कमरेवर हात ठेवून पुढे झाली, थेट आमची आईच! "मावशींनी झाडलं होतं. आम्ही वाढलंय. झाडं जेवताहेत, त्यांना मध्येच उठवायचं नाही."

मोठ्या बाईंनी हसू दाबलं. "बरं बाई. पण ताटाबाहेर केवढं सांडलंय, बघ."

मग मावशींनी झाडू घेतला आणि एकेका झाडाच्या बुंध्याभोवती पानं नीट लोटून दिली. शेवटच्या झाडापाशी हळूच म्हणाल्या, "जेव रे बाबा, सावकाश जेव."