आडनाव विचारल्यावर

ऑफिसात मी स्टेपलर फेकून मारला आणि त्या दिवसापासून गावभर तापट माणूस ठरलो. तापट मी आधीपासूनच होतो, पण तोवर ते घरातल्या घरात होतं. जेवणाचं ताट मी दोन वेळा भिरकावलेलं आहे. एकदा गॅसची टाकी उशिरा आणली म्हणून आणणाऱ्याची कॉलर धरली, तेव्हा शेजाऱ्यांनी येऊन सोडवलं. मुलगी लहान असताना माझा आवाज चढला की फ्रिज आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, खेळते आहे.

स्टेपलरचं असं झालं. मी नांदेडला एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. खात्याची परीक्षा देऊन मी बढतीच्या यादीत आलो. यादी लागली त्या दुपारी शेजारच्या टेबलावरचा माणूस, ज्याच्यासोबत मी बारा वर्षं डबा खाल्ला, हसत हसत म्हणाला, “तुमच्या लोकांचं बरंय बुवा. तुम्हाला काही करावंच लागत न्हाई.”

आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला, तरी ‘तुमचे लोक’ म्हणजे कोण हे ऑफिसात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या परीक्षेला तोही बसला होता आणि नापास झाला होता. मी रात्रीचा दिवस केला होता. स्टेपलर त्याच्या कानाजवळून गेला आणि भिंतीचा पोपडा उडाला.

साहेबांनी मला लेखी समज दिली. त्याला काहीच नाही. आठवडाभर सगळ्या टेबलांवर स्टेपलरची चर्चा झाली, त्या वाक्याची एकदाही झाली नाही. त्याचा संताप मला आजही येतो.

घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “लागला असता तर? आज तुम्ही आत असता, अन् तो बिचारा ठरला असता.”

तिनंच मला सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं. श्वास घ्या, शांत व्हा, असलं काहीतरी ऐकावं लागणार अशी माझी खात्री होती. बसल्या बसल्या मी सांगून टाकलं, “बाई, मला शांतबिंत व्हायचं नाही. माझं काही चुकलेलं नाही.”

“तुमचा राग खोटा आहे असं मी कुठं म्हणाले?” त्या म्हणाल्या. “राग आला की अंगात आधी काय होतं ते सांगा.”

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी आठवून सांगितलं. कान तापतात, दात आवळले जातात, मग उजवा तळहात शिवशिवायला लागतो.

“मग कान तापले की ओळखायचं. राग हातात उतरायच्या आत तोंडात आला पाहिजे. समोरच्याला प्रश्न विचारा. हळू आवाजात. तो जे बोलला ते त्यालाच पुन्हा बोलायला लावा.” मग त्यांनी फाईल मिटली आणि विचारलं, “आणि घरात ताट फेकलं तेव्हा कुणी काय बोललं होतं?”

डाळीत मीठ कमी होतं. त्यात कुणी माझा अपमान केला नव्हता. बाहेरचं गिळायचं आणि घरात येऊन ओकायचं, हे मी इतकी वर्षं करत होतो, आणि ज्यांचा काही संबंध नाही ती दोन माणसं ते झेलत होती. दवाखान्यातून परत येताना रिक्षात मी बायकोला म्हणालो, “चुकलंच माझं.” ती म्हणाली, “मला ठाऊक आहे. पोरीला सांगा.”

पोरीला सांगणं जमलं नाही. पुढच्या महिन्यात दोनदा घरात आवाज चढलाच. पण कान तापले की कळायला लागलं होतं. कळलं की मी चपला घालून निघायचो आणि गोदावरीच्या घाटापर्यंत पायी जाऊन यायचो.

दहावी झाली आणि पोरीनं मेडिकलच्या परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला जायचं ठरवलं. जूनच्या सुरुवातीला तिला घेऊन मी खोली बघायला गेलो. लातुरात त्या दिवसांत गल्लीगल्लीत आमच्यासारखेच आईबाप फिरत असतात. आम्ही एक दलाल धरला होता. पहिल्या दोन घरांत त्यानं फोनवरच माझं पूर्ण नाव सांगितलं आणि दोन्हीकडची खोली तेवढ्यात भरली. तिसऱ्या घरी तो म्हणाला, “इथं आधी बघून तर घेऊ.”

खोली चांगली होती. हवेशीर, अभ्यासाला टेबल, आणि क्लास पाच मिनिटांवर. घरमालकीण बाई पन्नाशीच्या, बोलायला गोड. पोरीला पाणी दिलं, दहावीचे मार्क विचारले, “लई हुशार हाय की!” म्हणाल्या. पोरगी खूश झाली. पलंग कुठं ठेवायचा हेसुद्धा तिनं मला दाखवलं.

मग बाईंनी तिलाच विचारलं, “आडनाव काय गं बाळा तुझं?”

तिनं सांगितलं.

बाईंचं हसू होतं तिथंच राहिलं, फक्त डोळे बदलले. “अगंबाई, मी विसरलेच. खोली कालच दिली की एकाला. ह्यांनी शब्द दिलाय.”

सोळा वर्षांच्या पोरीला विचारलं. मला नाही, तिला. कान तापले, दात आवळले. तळहात शिवशिवायला लागला आणि समोर टेबलावर पाण्याचा पेला होता. मी दोन्ही हातांनी बॅगेचा पट्टा धरला. पाय जमिनीवर आहेत का ते पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, “बाई, पाच मिनिटांपूर्वी खोली रिकामी होती. मधे काय बदललं?”

“सांगितलं ना, दिलीय म्हणून.”

“आडनाव ऐकल्यावर दिली का? तसं असेल तर तोंडानं सांगा. माझी पोरगी इथंच उभी आहे, तिला सांगा.”

आतून त्यांचे यजमान आले. “ओ, आवाज खाली. आमच्या घरात येऊन दादागिरी करून राहिलात?”

माझा आवाज त्यांच्या पंख्यापेक्षाही खाली होता. मी म्हणालो, “मी फक्त विचारलंय. एकदा सांगा, मी जातो.”

“आमच्याकडं देवाधर्माचं असतं,” बाई फरशीकडं बघत म्हणाल्या. “आमचं काही न्हाई हो. सासूबाई हायेत, त्यांना चालत न्हाई.”

सासूबाई कुठं दिसल्या नाहीत. दलाल माझा दंड ओढत होता. “न्हाई तर न्हाई, सर, चला की.” मी पोरीला म्हणालो, “ऐकलंस ना? खोली भरलेली नाही.” आणि आम्ही बाहेर पडलो.

कोपऱ्यावर उसाच्या रसाचा गाडा होता, तिथं बसलो. शिकलेली माणसं, दारात दोन गाड्या, भिंतीवर पोराचा डॉक्टरकीच्या पदवीचा फोटो, आणि पोरीला पाणी पाजून आडनाव विचारतात! मला वाटलं पोरगी रडेल. ती म्हणाली, “पप्पा, त्या काय बोलल्या ते मला अर्धंच ऐकू आलं. मी तुमच्या हाताकडं बघत होते.”

मी हातातला रसाचा ग्लास बाकड्यावर ठेवला.

“तुम्ही त्यांना मारलं असतं तर? मला ह्याच गावात राहायचंय,” ती म्हणाली. “लहानपणापासून मी आधी तुमचे हात बघते.”

त्या घरात जे झालं त्याहून हे मला जास्त लागलं. मी तिथंच, गाड्याच्या बाकड्यावर, तिची माफी मागितली. ती लाजली. “लोक बघून राहिलेत, पप्पा,” म्हणाली, आणि माझा उरलेला रस पिऊन टाकला.

दलालाला मी सांगितलं, पुढच्या घरी आधी माझं नाव सांग, मगच आत जाऊ. तो कुरकुरला, “साहेब, घरमालकांना असं विचारत बसलात तर आमचा धंदा बसंल.” मी म्हटलं, “मग असे घरमालक दाखवू नको.” संध्याकाळी पाचव्या घरी खोली मिळाली, एका निवृत्त नर्सबाईंकडे. त्यांनी पोरीला तिखट चालतं का आणि सकाळी किती वाजता उठवायचं, एवढंच विचारलं. त्या घराची खिडकी भिंतीकडं उघडते आणि क्लास वीस मिनिटं लांब आहे. ही वीस मिनिटं माझी पोरगी रोज दोनदा चालते, आणि ती कुणामुळे चालते हे मी विसरणार नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. क्लासमध्ये शेजारच्या मुलीनं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी बाक बदलला. मी लगेच म्हणालो, “मी निघू का? साडेअकराची बस मिळते.”

“कशाला? मी विचारलं तिला सगळ्यांसमोर, का उठलीस म्हणून. तीच रडायला लागली. पण पप्पा, मला अजून लई राग येऊन राहिलाय.”

“येऊ दे,” मी म्हणालो. “पहिल्यापासून सांग.”

ती अर्धा तास बोलली. मी मधे एक शब्द काढला नाही.