गाव कंचं?

पोलीस चौकीचं दार अन्यायग्रस्त महिलेसाठी सदैव उघडं असतं. मी गेले तेव्हाही ते उघडंच होतं. ओठ फाटलेला, ब्लाउजची बाही उसवलेली. हवालदारानं वर पाहिलं आणि विचारलं, "गाव कंचं?"

या भागात हा प्रश्न पाण्याच्या तांब्याआधी येतो. त्यात वाईट काही नसतं. पण माझं गाव सीमेपलीकडं, बांगलादेशात. दलालानं आम्हाला एकच उत्तर पाठ करून दिलं होतं. मालदा, पश्चिम बंगाल. मी मालदा कधी पाहिलेलं नाही.

"मालद्यात ठाणं कंचं?"

हे दलालानं शिकवलं नव्हतं. मी ज्या द्राक्षबागेत मजुरी करायचे, तिथल्या मालकांच्या धाकट्या भावानं फवारणीच्या औषधांच्या खोलीत माझ्याशी काय केलं, ते सांगायला आले होते. ते राहूनच गेलं.

हवालदार चिडला नाही. समजुतीनं म्हणाला, "बाई, तुला काय झालं ते मागनं बघू. आधी तू हायेस कुठली ते कळू दे. न्हाईतर तुलाच आत घ्यावं लागंल. शेडमदल्या समद्यांना."

पिंपळवंडीच्या त्या बागेत, शेडमध्ये, आम्ही चौघी राहत होतो. चौघी मालद्याच्या.

मालक जीप घेऊन चौकीत आले. हवालदार उठून उभा राहिला. "घरातलं हाय राव, मिटवून टाकतो," मालक म्हणाले. घरातलं. त्या घराचा उंबरा मी कधी ओलांडला नव्हता.

बागेत त्यांनी सगळ्यांचं काम थांबवलं. भाऊ बांधावर उभा होता. "पाया पड त्याच्या. चौकीत गेली म्हून." मी पडले. चपलेची माती कपाळाला लागली. मालकीणबाईंनी ओठाला लावायला हळद दिली. मनानं चांगल्या होत्या. म्हणाल्या, "कागुद न्हाई, आन् तोंड कशाला उघडती गं?"

राग यायला हवा होता. आली ती शरम. चोरून आलेल्या बाईनं न्याय मागणं म्हणजे आणखी एक चोरी, असं वाटायचं. बाकीच्या तिघी माझ्याशी धड बोलेनात. मी त्यांचं छप्पर पणाला लावलं होतं. मलाही ते पटत होतं.

पुढच्या हंगामात आम्ही घडांना ऊन लागू नये म्हणून जुने पेपर गुंडाळत होतो. मराठी वाचायला मी तिथंच शिकले. एक घड, एक बातमी. मुकादमाला वाटायचं, माझा हात हळू आहे. एके दिवशी हातातल्या पेपरात आमचे मालक होते. महिला दिनाचे प्रमुख पाहुणे, गळ्यात हार, शेजारी फौजदार. चौकीचं दार सदैव उघडं असतं, हे वाक्य त्यांच्याच भाषणातलं. मी त्यांचा चेहरा आतल्या बाजूला केला आणि घड झाकला.

तेवढ्यात शेफाली औषधांच्या खोलीतून बाहेर आली. आमच्यात सगळ्यांत लहान. पदर हातात गोळा केलेला. माझ्याकडं न बघता ती घडाला पेपर लावायला लागली. मला काही सांगितलं नाही. सांगून काय होतं, ते ती माझ्याकडं बघून शिकली होती.

तेव्हा कळलं. पाया पडून मी कुणाचं छप्पर वाचवलं नव्हतं. धाकट्या भावाला खोली मोकळी करून दिली होती.

"येतीस?" मी विचारलं. ती निघाली.

चौकीत तोच हवालदार. "आता कंचं गाव सांगती?"

मी खरं सांगितलं. गाव, ठाणं, जिल्हा, वर नदीसुद्धा.

"तुला परत धाडतील."

"धाडा. पण आदी मालकाच्या भावानं काय केलं ते लिवा. माझंबी, हिचंबी. मग आमी कुठल्या ते लिवा."

बाकीच्या दोघी बातमी कळताच पेठ गावाच्या बाजूला निघून गेल्या. पुन्हा भेटल्या नाहीत. त्यांना मी विचारलं नव्हतं. ते ओझं माझं आहे, आणि ते कुणी उतरवू नये.

दोन गुन्हे नोंदले गेले. एक त्याच्यावर, एक आम्हा दोघींवर, चोरून आल्याचा. आमचा लवकर निकाली निघाला.

पुन्हा वेळ आली तर पुन्हा गाव सांगेन, आणि त्याचं नावही. पाया पडणार नाही.

तक्रार लिहिली गेली त्या दिवशी निघताना चौकीचं दार नीट पाहिलं. ते सदैव उघडं असतं, हे खरं आहे. खाली वीट लावलेली आहे. वीट काढली की ते आपोआप मिटतं.