येळवशीची आंबील

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती — ती तिथंच होती.

आधी नळीचं सांगतो. अन्ननलिकेचा कॅन्सर. घास सोडा, थुंकीही उतरेना, म्हणून पोटाला भोक पाडून नळी बसवली. तेव्हापासून बायको, सुमन, गाळलेलं पातळ त्यात सिरिंजनं ओतते आणि मी जेवलो असं धरलं जातं. एक पुढारी भेटायला आले, केळी घेऊन. केळी माझ्या हातात देऊन फोटो काढला. मी हसलो. विनोद कळण्याइतका शाबूत होतो — मग एवढा राग कुठून आला? फोडणीचा वास आला की कुणाचा तरी गळा आवळावा असं वाटायचं. सुमननं फोडणी बंद केली. माझ्यासमोर जेवणंही बंद केलं. मग ती कधी जेवते, हे मी विचारलं का? नाही.

येळवस आली. आमच्या युसूफ वडगावकडे त्या अमावस्येला सगळे रानात जेवतात — कडब्याची कोप म्हणजे खोपटं, त्यात पूजा, मग शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भज्जी, भाकरी आणि आंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवलेली आंबील पातळच असते. सुमनला केवढा आनंद झाला! "आवो, सणाचं तुमाला बी चालतंय की," म्हणत तिनं ती फडक्यातून गाळली, नळीत ओतली. धाकटा भाऊ बाळू म्हणाला, "दादा, तुमचं लई बरं हाय, चावायचा बी तरास न्हाई." सगळे हसले. मीही.

मग सुमन दिसेना. कोपीमागं गेलो. ती उकिडवी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. तोंड भज्जी-भाकरीनं भरलेलं, बोटं चाटत होती. मला हेवा वाटला — नाही, हेवा फार सभ्य शब्द आहे. मला ते तोंड फोडायचं होतं. शेजारी आंबिलीची पितळी चरवी होती. मी ती उचलली. ती वळली, मला काही हवंय असं तिला वाटलं असावं. मी चरवी तिच्या तोंडावर हाणली. ती पडली. पडल्यावर पुन्हा हाणली. घास रक्तासकट बाहेर आला, त्यात दात होते. आणि मी काय केलं? तो घास पायानं मातीत रगडला.

माणसं धावली. बाळूचा बैल तिथंच बांधलेला होता. "बैलानं शिंग मारलं," मी म्हणालो. किती सहज सुचलं! सगळ्यांनी सुमनकडं बघितलं. तिनं होकारार्थी मान हलवली. बाळूनं काठी घेतली आणि बैल गुडघ्यावर येईपर्यंत झोडपला. "मारका हाय बे ह्यो!" पुढच्या बाजारात त्यानं तो विकला. मी सगळं बघत राहिलो — थांब म्हणायला मला गळा होता, बोलता येत होतं.

थोड्या वेळानं सुमन माझ्याजवळ आली. ओठ फाटलेला, पदर लाल. हातात सिरिंज आणि पाण्याचा तांब्या. आंबील आत वाळली तर नळी तुंबते. ती धुवायची राहिली होती.

मी सदरा वर केला आणि पोट पुढं केलं.