न घेतलेले दहा ठसे

याया माझ्या नात्यातली नव्हती. माझी बायको गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात नर्सबाई होती, आणि त्या गावात या म्हातारीला सगळेच याया म्हणत. गोंडीत याया म्हणजे आई. मी राजुऱ्याजवळच्या सिमेंट कारखान्यात फिटर. शनिवारी ड्युटी संपली की एसटीनं निघायचो, रविवारचा दिवस तिथं काढायचो.

यायाच्या गळ्यात एकवीस चांदीच्या रुपयांची माळ होती. इंग्रज राजाच्या डोक्याचे, पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे रुपये. प्रत्येकाच्या काठाला डाग देऊन कडी जोडलेली. तिच्या आजोबाला लाकडाच्या ठेकेदाराकडून ते एकाच थैलीतून मिळाले, असं ती सांगायची. मला नाण्यांचा नाद लहानपणापासूनचा. त्यातही मी साचे बघायचो. पोलादी साच्यांमध्ये चांदीची चकती दाबून नाणं पाडतात. हजारो वेळा दाब बसला की पोलादही थकतं आणि चिरतं. त्या चिरेत चांदी शिरते आणि नाण्यावर केसासारखी उंच रेघ उठते. ओरखडा असेल तर नख आत जातं. साच्याची चीर असेल तर नख अडतं. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेल्यामुळे मला त्या रेघेत नाण्यापेक्षा तो दमलेला साचा दिसायचा.

एका रविवारी यायाने माळ काढून माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवली. मी भिंग लावलं आणि उडालोच. तीन रुपये एकाच साच्यातले निघाले. पहिल्यावर राजाच्या मुकुटापासून निघालेली चीर अर्ध्यात थांबली होती. दुसऱ्यावर ती अक्षरं कापत काठापर्यंत गेली होती. तिसऱ्यावर काठाजवळ साच्याचा टवकाच उडाला होता आणि तिथं चांदीचा फोड आला होता. एक साचा मरताना तीनदा दिसावा, तसं ते होतं. आणखी आठ नाण्यांत काही ना काही होतं : कुठं अक्षर दोनदा उठलेलं, कुठं साचा इतका झिजलेला की राजाचा गाल फारसा झिजलेला नसूनही काठाची अक्षरं फुगून बाहेर ओढली गेलेली. मी वहीचा पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली आणि त्या अकरा नाण्यांचे ठसे घेतले. उरलेले दहा साधे होते. त्यांत बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सोडून दिले.

बायको म्हणाली, "सगळ्याईचेच घ्या ना. बिचारीनं माळ काढली तुमच्यासाठी."

मी म्हणालो, "त्यात काही नाई."

पुढं बायकोची बदली झाली. नंतर ती आजारी पडली आणि गेली. दोन वर्षं मी भिंगाला हात लावला नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तोही तसाच राहू दिला.

मोहफुलांच्या दिवसांत यायाच्या मुलीचा फोन आला. "भाऊ, माळ गेली." सगळं घर पहाटे मोहफुलं वेचायला रानात गेलं होतं. वेचताना तुटू नये म्हणून यायाने माळ पेटीत ठेवली होती. परत आले तर पेटी फुटलेली. "आई जेवून नाई राह्यली. नातीचं लगीन हाये, तिच्या गळ्यात तेच घालाची होती."

पोलिसांना चोर सापडला तोवर एक महिना झाला. त्याने सगळ्या चोऱ्यांचा माल एका दुकानदाराला विकला होता. जप्तीत शहाऐंशी सुटे रुपये मिळाले, कड्या कापलेले. काही आधीच वितळवले होते, त्यांची चांदीची लगडही मिळाली. मुलगी रडत म्हणाली, "साहेब म्हणते, ओळख पटवा. सगळे सारखेच दिसते भाऊ, आमी कशी पटवाची?"

मी वही शोधायला लागलो. कपाट, माळा, ट्रंक, सगळं उपसलं. तीन दिवस मला तहानभूक नव्हती. एकेक चिठ्ठी बाहेर निघायची, तिच्यावर बायकोचं अक्षर असायचं आणि मी ती बाजूला ठेवून पुन्हा शोधायचो. तिच्यासाठी मला काही करता आलं नव्हतं. निदान हे तरी हातून व्हावं, एवढं एकच डोक्यात होतं. चौथ्या दिवशी तिच्या लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरांखाली वही सापडली. ओल लागून शाई पसरली होती. पेन्सिलीचे ठसे मात्र शाबूत होते.

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर याया बसली होती. इतकी वाळलेली की मी आधी ओळखलंच नाही. गळा मोकळा होता. कड्यांनी घासून पडलेला काळा पट्टा तेवढा राहिला होता. तिच्याशेजारी नागभीडकडची एक शेतकरी बाई बसली होती. त्याच चोराने तिच्या घरातून सासूची माळ नेली होती. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, तरी त्या खेटून बसल्या होत्या.

साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी टेबलावर सतरंजी घालून रुपये ओतले. "बसा काका. आरामात पाहा."

वीज नव्हती. मी खिडकीजवळ टेबल ओढलं, मोबाइलचा उजेड तिरपा धरला आणि डाव्या डोळ्याला भिंग लावलं. एकेक नाणं उचलायचं, मुकुट बघायचा, काठ फिरवायचा, ठेवायचं. दुपार होता होता डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. अठ्ठावीस नाणी झाली तरी काही नाही. एकोणतिसाव्यावर नख अडलं. मुकुटापासून निघालेली रेघ अर्ध्यात थांबली होती. मी वहीतला ठसा शेजारी ठेवला.

"सापडलं?" साहेबांनी विचारलं.

"साचा सापडला, साहेब. त्या साच्यातून हजारो रुपये निघाले असतील. हा यायाचाच, हे चिरेवरून सांगता नाई येत." मी वही पुढं केली. "पण हा डाग पाहा. कडी इथं होती, राजाच्या मानेमागं. आणि गालावरची ही खोक. ठशातही तिथंच आहे."

त्यांनी भिंगातून कागद पाहिला, नाणं पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. मग पंचांना जवळ बोलावलं.

संध्याकाळपर्यंत अकरांपैकी सात सापडले. चीर काठापर्यंत गेलेला दुसरा रुपया मिळाला. फोड आलेला तिसरा मिळाला नाही. मी शहाऐंशीच्या शहाऐंशी पुन्हा पाहिले. मग ती लगड हातात घेतली आणि उगाच फिरवून पाहिली. लगडीत काय दिसणार?

साहेब हळूच म्हणाले, "काका, ठसे नसलेले दहा असतीलच ना यात? म्हातारीचं कडीचं डागकाम तुम्ही पाहिलंय. दहा काढून द्या, मी लिहून घेतो. कोण विचारतं?"

मी ढिगाकडे पाहिलं. कड्यांचे डाग सगळ्यांनाच होते, सगळे सारखे. अंदाजानं दहा उचलणं सोपं होतं. यायाची मुलगी दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या मागं बाकावरून नागभीडची बाईही बघत होती.

"नाई सांगता येत, साहेब," मी म्हणालो.

मुलगी आत आली. "काऊन नाई सांगता येत भाऊ? तुमी तं हातात घेऊन पाह्यली होती माळ!"

"पाह्यली होती. हेच नव्हते पाह्यले."

"काऊन?"

साधे होते म्हणून, हे मला सांगवेना. तिची आई पन्नास वर्षं एकवीसच्या एकवीस नाणी गळ्यात वागवत होती. मी त्यांतली फक्त फुटकी, चिरलेली, बिघडलेली तेवढी उचलली होती. मी भिंग खिशात ठेवलं. व्हरांड्यातून याया काहीतरी बोलली. मुलीने ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बाहेर पडताना नागभीडच्या बाईने वाट अडवली. "भाऊ, तिचे काढून देल्ले ना तुमी. आता माह्ये बी काढून द्या."

"बाई, तुमच्या माळेचा ठसा नाई माझ्याकडे."

"ठसा कायले लागते? तुमाले समजते ना त्यातलं!"

तिला मी साचा, चीर, डाग सगळं समजावलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाली, "पण तुमाले समजते ना."

कोर्टाचा हुकूम होऊन सात रुपये यायाच्या घरी गेले, तोवर भात कापणीला आला होता. उरलेले सगळे पोलिसांच्या मालखान्यात पडून आहेत. लग्नात नातीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले ते सात रुपये होते. याया माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझा हात धरला, नातीकडे बोट केलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "बाकी कुठी?" थोड्या वेळाने ती उठून गेली. त्या दिवशी ती जेवली, असं मुलीने नंतर सांगितलं. त्यावर मी समाधान मानायला हवं होतं.

नागभीडच्या बाईचा फोन अजून येतो. गेल्या आठवड्यात तिने एक फोटो पाठवला. तिची सासू तरुणपणी अंगणात उभी आहे, गळ्यात माळ. "यात पाहा भाऊ. यात रुपये दिसते."

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. राजाचं डोकं गेलं, काठ गेला, पांढरे-करडे ठिपके उरले. मी तिला फोन लावला.

"नाई दिसत बाई."

ती म्हणाली, "आणखी एक डाव पाहून पाहा ना."

मी बरं म्हणालो आणि भिंग काढून पुन्हा बघायला बसलो.