टॉवेल सर

नवं सॉफ्टवेअर दाखवायला कोणी आलं, की टॉवेल सर आधी मोठ्या पडद्यावर टॉवेल टाकत. खाली फक्त वेग आणि उंची दाखवणारी घड्याळं उघडी राहत. विक्रेता हिरमुसायचा, कारण त्याचा सगळा माल टॉवेलाखाली गेलेला असे.

सर मूळचे आजऱ्याचे. हयातभर वैमानिक घडवून निवृत्त झाले आणि उजळाईवाडीला, कोल्हापूर विमानतळाच्या रस्त्यावर, त्यांनी सिम्युलेटरची, म्हणजे जमिनीवरच विमान उडवायच्या सरावाची, खोली थाटली. मी पेठ वडगावच्या कापड दुकानदाराची मुलगी. तिथं पोहोचले ती हार खाऊन. वैमानिकाच्या शिक्षणात विमानाचा वेग मुद्दाम इतका उतरवतात, की पंख हवा धरेनासे होतात. याला स्टॉल म्हणतात. त्यात माझं विमान एका अंगावर कलंडलं, मी विमान वळवायचा हातातला दांडा भलतीकडे फिरवला आणि शेजारच्या प्रशिक्षकांनी वाचवलं. मी बॅग भरून सरळ घरी. पप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, दुकान हाय की आपलं." मला दुकान नको होतं, विमान हवं होतं, आणि विमानाचीच भीती बसली होती.

सरांच्या खोलीत त्या दिवशी एक विक्रेता पडद्यावर कोल्हापूरचा रंकाळा तलाव दाखवत होता. पाण्यावर ऊन चमकत होतं. भेळेच्या गाड्या तेवढ्या राहिल्या होत्या. मी हरखले. सरांनी टॉवेल टाकला.

"पावणं, आता विमान पाडून दाखवा."

"सर, आमचं विमान पडतच नाही! आपोआप सावरतं."

"मग न्या परत. जे पडत न्हाय, ते पोरांना सावरायला काय शिकवणार?"

सरांनी शेवटी निवडलेलं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच गबाळं होतं. जमीन शेवाळासारखी, घरं काड्यापेट्यांसारखी. पण त्याचं फ्लाइट मॉडेल, म्हणजे विमान हवेत कसं वागेल याचं गणित, खरं बोलणारं होतं. सर विमानाचं पुस्तक मांडीवर घेऊन बसत आणि पुस्तकातल्या वेगालाच पडद्यावरचं विमान कोसळतं का, हे पुन्हा पुन्हा ताडून बघत. मग त्यांनी मला बसवलं. वेग उतरला, दांडा ढिला पडला, डावा पंख खाली गेला.

"हेच! अस्संच झालं होतं!" मी ओरडले.

"व्हय की. म्हणून तर घेतलं. नाक खाली घे. आता हातानं न्हाय, पायाखालच्या पॅडलनं सावर."

मी पाडत गेले, सावरत गेले. पाडून पाडून भीतीचाच कंटाळा आला. निरोप देताना सर म्हणाले, "पोटात गोळा येतो, तो कुठल्या सॉफ्टवेअरात न्हाय. तो तुझा तुलाच गिळायचा."

मी परत विमान शिकायला गेले. खऱ्या विमानाचा पंख खाली गेला, गोळा आला, पण पाय आपसूक पॅडलवर गेला. उतरल्याबरोबर सरांना फोन लावला.

"सर, पडलं."

"मग?"

"सावरलं."

सर म्हणाले, "जेवलीस का?" इतकं मायेचं मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही.

आता मी प्रवासी विमानात को-पायलट आहे. परवा सर लेकीकडून परतताना माझ्याच विमानात होते. कोल्हापूरला उतरल्यावर दाराशी थांबले.

"रंकाळा बघितलास का वरनं?"

"नाही सर. घड्याळं बघत होते."

सर खूश झाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या खेपेला लांबनंच एक नजर टाक की, पोरी. आता कोण टॉवेल टाकतंय?"